कैच्यांची थैली

ग्रहणाची बातमी आली की आमच्या गल्लीतल्या बायका आधी कैच्या लपवायच्या. सूर्याचं काय व्हायचं ते होवो, आपली कैची अन्साबाईच्या थैलीत जाऊ नये, एवढीच चिंता. पण लपवून उपयोग नसायचा. त्या दिवशी सकाळीच अंघोळ करून, ओल्या केसांनी अन्साबाई दारात उभी. हातात युरियाच्या पोत्याची शिवलेली थैली.

"काढ."

"काय काढू?"

"मलेच इचार. काल पोलकं शिवून राहिली होतीस, ते दातानं कापलंस का?"

मग कैची, चाकू, पावशी म्हणजे आमची विळी, ब्लेड, सुयांची डबी, सगळं त्या थैलीत. हे सगळ्यांकडून नाही हं. ज्या घरात पोटुशी बाई असेल ते घर आणि त्याला लागून असलेली दोन घरं. प्रत्येक घराच्या वस्तूला ती वेगळ्या रंगाचा धागा बांधायची. आमचा लाल. ग्रहण सुटलं की धागे पाहून ज्याचं त्याला परत. परत देतानाही वस्तू उजेडाकडे धरून बघायची. आपलीच थैली, आपणच बांधलेला धागा, तरी भरवसा नाही.

मोहाडीतली आमची गल्ली विणकरांची. आता माग थोडेच उरलेत, पण मी लग्न होऊन आले तेव्हा सकाळपासून खटखट सुरू असायची. अन्साबाई कोशाचं, म्हणजे टसर रेशमाचं, कापड विणायची. उंच, वाळलेली बाई, उजवा खांदा जरा उतरलेला. तिची बघण्याची एक रीत होती. विणकर धागा उजेडात धरून एक डोळा बारीक करतो ना, कुठं गाठ आहे का, कुठं पातळ झालाय का, तसंच ती माणसाकडे बघायची. नवीन सून असो की पोस्टमन. मला पहिल्यांदा तिनं असं बघितलं तेव्हा मी पदर सारखा केला, म्हटलं कुठं फाटलाय की काय.

संशय तर तिच्या रक्तातच होता. दूधवाल्याच्या कॅनमध्ये ती बोट बुडवून बघायची. वांगं विकत घेताना देठ उचकून बघायची. वेळ विचारायची तर तीन घरी. दोघांचं जुळलं तर तिसऱ्याला म्हणायची, "तुमची घडी मागं हाये." पंचांगं दोन आणायची, कारण एकाच छापखान्यावर विश्वास ठेवायला ती काही वेडी नव्हती. दोन्हींत ग्रहणाच्या वेळेत पाच मिनिटांचा फरक निघाला की तिला फार समाधान वाटायचं.

माझी आणि तिची खरी गाठ पडली ती मला दुसऱ्या वेळी दिवस गेले तेव्हा. त्या वर्षी दिवाळीच्याच दिवशी सकाळी सकाळी ग्रहण लागलं होतं. मी घरी शिलाई करायची. दिवाळीची पोलकी अजून हातावेगळी व्हायची होती, आणि ही बाई येऊन माझी कैची घेऊन गेली. बरं, घेऊन गेली ते गेली, परत येऊन माझ्या खाटेसमोर पाट टाकून बसली. मी गोधडी अंगावर ओढून पडले होते. पाच मिनिटं झाली असतील.

"हात बाहेर ठेव," ती म्हणाली.

"काहून?"

"गोधडीत काय करून राहिलीस ते मले दिसत नाई."

"काही नाही करत वो. झोपली आहे."

"असशील. पण मले दिसलं पाहिजे."

आता सांगा, कुणाला राग नाही येणार? दोन-अडीच तास दोन्ही हात गोधडीवर ठेवून मी पडून होते, आणि ती पापणी न हलवता माझ्या हातांकडे बघत होती. मला खात्रीच झाली की हिला माझ्या सासूनं बसवलंय. सासूबाई स्वयंपाकघरात, त्यांची हेर इथं. ग्रहण सुटल्यावर ती उठली, सासूबाईंना जाऊन म्हणाली, "मी पाहिलं. सुनेनं कायले हात लावला नाई." सासूबाई म्हणाल्या, "बरं झालं." मी मनात म्हटलं, बघा, दिली वर्दी.

तेव्हापासून मी तिच्यावर डोळा ठेवून होते. ती सगळ्यांवर, मी तिच्यावर.

आणि बारीक लक्ष ठेवल्यामुळे एक गोष्ट ध्यानात आली. ती बाई संशय वाटेल तेवढा घ्यायची, पण डोळ्यांनी बघितल्याशिवाय कुणाबद्दल एक शब्द बोलायची नाही. एकदा कुणाच्या तरी घरून कोशाच्या धाग्याचं बंडल गेलं. गल्लीत एक नवी सून आली होती, करडी गावची. गरीब घरची. सगळ्यांचं बोट तिच्याकडं. बायका नळावर जमल्या, ती पोरगी पाण्याचा गुंड धरून रडायच्या बेतात. अन्साबाई आपली घागर लावून उभी होती.

"पाहिलं कोणं?" ती म्हणाली.

"पाहायचं काय, ती दुपारी तिकडूनच चालली होती."

"चालली होती ते तुमी पाहिलं. घेतलं ते कोणं पाहिलं?"

अन्साबाईनं एकेकीकडे तो बारीक डोळा लावला. "मले बी तिच्यावर शक हाये," ती म्हणाली, "पण शक तं मले तुमच्या सगळ्यायवरच हाये." आणि घागर उचलून गेली. ते बंडल नंतर कुठं सापडलं की नाही, मला माहीत नाही. पण त्या पोरीला नळावर परत कुणी काही बोललं नाही.

आता तिच्या मुलाबद्दल सांगते, कारण ते गल्लीत सगळ्यांना ठाऊक होतं, निदान सगळ्यांना तसं वाटत होतं. शंकर तिचा एकुलता एक. जन्मला तेव्हा वरचा ओठ मधून फाटलेला. पुढं मोठा झाल्यावर कुणीतरी सांगितलं म्हणून टाके घालून आणले, आता मिशीखाली कळतही नाही. तुमसरला राइस मिलमध्ये आहे. पण जन्मला तेव्हा घरातल्यांनी एकच ठरवलं. पोटुशी असताना दुपारचं ग्रहण लागलं होतं, तेव्हा हिनं मागावर बसून धागा कापला. सासू तर मरेपर्यंत आल्यागेल्याला तेच सांगायची. मीही तेच ऐकलं होतं आणि तेच धरून चालले होते. मला वाटायचं, हिनं कापला असेलच. स्वतःच्या हातून झालं म्हणून आता अख्ख्या गल्लीच्या कैच्या गोळा करत फिरते.

लॉकडाऊनच्या आधीच्या हिवाळ्यात एक ग्रहण झालं, सकाळचं. तेव्हा शाळेतले एक गुरुजी कागदी काळे चष्मे घेऊन गल्लीत आले, पोरांना दाखवायला. बायका दारं लावून आत. अन्साबाई मात्र गुरुजींसमोर कमरेवर हात ठेवून उभी.

"ह्या कागदातून दिसते?"

"दिसते ना आजी. बघा."

तिनं चष्मा उलटसुलट करून बघितला, गुरुजींना आधी घालायला लावला, मग स्वतः घातला. बराच वेळ वर बघत राहिली.

"एवढंसंच," ती म्हणाली. "कोणं चावा घेतलेल्या भाकरीवाणी. मंग गुरुजी, यानं लेकराचा ओठ फाटते का?"

गुरुजी तरुण होते, उत्साहात आले. चंद्र मध्ये येतो, सावली पडते, पोटातल्या बाळाचा काही संबंध नाही, ओठ फाटण्याची कारणं वेगळी, सगळं नीट समजावून सांगितलं. तिनं मध्येमध्ये दोन प्रश्नही विचारले. शेवटी चष्मा काढून त्यांच्या हातात दिला.

"पटलं," ती म्हणाली. "पण मले सांगून काय फायदा? माह्या सासूले सांगाले पाहिजे होतं. ते तं गेली."

आणि लगेच थैली उचलून पलीकडच्या गल्लीत गेली, तिथं एकीला पाचवा महिना होता. मी खिडकीतून बघत होते. म्हटलं, बघा ही बाई. आत्ता पटलं म्हणाली आणि आत्ता निघाली. हिचं खरं कोणतं?

मग ते जूनचं ग्रहण. लॉकडाऊनचं वर्ष. माझी सून पल्लवी पहिलटकरीण, सातवा लागलेला. माहेरी जाता येईना म्हणून आमच्याकडेच. तिला पोटुशेपणात शुगर निघाली होती, इन्सुलिनची सुई घ्यावी लागायची. डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, उपाशी राहायचं नाही, दर दोन-अडीच तासांनी खायचं. आणि ग्रहण सकाळी दहाच्या पुढं लागणार ते जेवणवेळ टळल्यावर सुटणार.

कोंढ्याहून माझ्या नणंदबाई, ताराबाई, यांचे दोन दिवसांत चार फोन आले. "वहिनी, खाऊ देऊ नका. कापू-चिरू देऊ नका. नंतर रडून फायदा नाई." मी काही फार मानणारी नव्हे. पण नाही मानलं आणि काही झालं तर? हा प्रश्न असा आहे ना की तो भल्याभल्यांना वाकवतो. मी पल्लवीला म्हटलं, "लागायच्या आधी पोटभर खाऊन घे, मग सुटल्यावर. तीन-चार तासांचा तर प्रश्न." सकाळची सुई तिनं घेतली होती. भाकरी अर्धीच खाल्ली, मळमळत होतं.

अन्साबाई आली. तोंडाला फडकं बांधून, थैली घेऊन. आमचा चाकू, पावशी, माझ्या दोन कैच्या, सगळ्यांना लाल धागा. पल्लवीच्या खाटेसमोर पाट टाकला.

"हात बाहेर ठेव, पोरी."

पल्लवीनं माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, ठेव बाई, मीही ठेवले होते.

आणि बारा वाजता नळ आला. नळाला काय माहीत ग्रहण लागलंय ते. दोन दिवसांनी आलेलं पाणी सोडून कसं चालेल? मी भांडी घेऊन बाहेर पडले. नंबर लावायला सगळ्या लांब लांब उभ्या, त्यामुळे अर्धा-पाऊण तास तरी गेला.

परत आले तर खोलीत आंब्याचा वास.

पल्लवी उशीला टेकून बसली होती. जाताना चेहरा पांढरा दिसत होता, कपाळाला घाम होता, आता जरा बरी वाटली. अन्साबाई पाटावर तशीच. मी घागर ठेवली. ग्रहण सुटलं. अन्साबाईनं मोरीत जाऊन हात धुतले. दुसऱ्याच्या घरी पाण्याचा थेंब न घेणारी बाई, साबण मागून हात धुतले. मग थैलीतून आमच्या वस्तू काढून ओट्यावर ठेवल्या आणि निघून गेली.

पावशीचा धागा कोरडा. कैच्यांचे कोरडे. चाकूचा धागा ओला होता.

मी तो चाकू किती वेळ हातात धरून उभी होते कोण जाणे. म्हातारीचा डोळा लागला असेल, पोरीनं थैलीतून चाकू काढून आंबा कापला असेल. नाही तर काय? पल्लवीला विचारावं असं दहादा मनात आलं. पण विचारलं तर ती खरं सांगेल, आणि मग ते खरं मी कुठं ठेवू? माझ्याच सांगण्यावरून ती उपाशी राहिली होती, हे तर मी स्वतःलाही सांगत नव्हते. चाकू धुतला, धागा कापून चुलीत टाकला.

त्यानंतरचे दिवस मी मोजून काढले. पोरीच्या पोटाकडे बघायची आणि नजर चोरायची.

बाळ भंडाऱ्याला झालं. मुलगी. गोरीपान, भरपूर केस, वजन चांगलं. फक्त डाव्या कानाची पाळी खालून जराशी दुभागलेली. एवढीशी खाच. डॉक्टर म्हणाले, असे कान असतात, ऐकायला काही फरक नाही, मोठेपणी वाटलं तर एक टाका. मी हो हो म्हणाले. पण माझ्या डोळ्यांपुढं तो ओला धागा.

बारशाला घरचेच चार-सहा जण. ताराबाई कोंढ्याहून आल्या. पाळण्यावर वाकल्या, टोपडं मागं सारलं, आणि सरळ झाल्या.

"पल्लवी," त्या म्हणाल्या, "काय कापलं होतं वो त्या दिवशी? खरं सांग."

पल्लवीनं आधी माझ्याकडे बघितलं. सांगायला लाज वाटते, पण मी त्या वेळी पाळण्याच्या दोरीची गाठ नीट करत होते. अगदी नीट असलेली गाठ.

"मी तिच्यासमोर बसून होती, ताराबाई." दाराजवळून अन्साबाई बोलली. "लागल्यापासून सुटेपर्यंत. पोरीच्या हाती पातं नव्हतं."

"तुमचा डोळा लागला असंन."

"लागला असता तं तसं सांगितलं असतं. माह्या तोंडून तुमी कधी न पाहिलेलं ऐकलं का?"

अन्साबाईसारखी कडक बाई साऱ्या मोहाडीत नव्हती, हे ताराबाईंनाही ठाऊक होतं. "मंग कान काहून असा?" त्या पुटपुटल्या.

"तुमच्या भावाचा कान पाहिला का कधी नीट? नाई ना. मी बी नाई पाहिला. मंग आता पेढा खा."

आमच्या ह्यांनी कोपऱ्यात हळूच स्वतःचा कान चाचपला. कुणीतरी हसलं. विषय तिथंच संपला, आणि परत कधी निघाला नाही. निघालाच असता तर त्या पोरीचं आणि तिच्या लेकीचं काय झालं असतं ते मला माहीत आहे. शंकरला मिशी येईपर्यंत गल्लीतली पोरं काय नावानं हाक मारायची, ते मी ऐकलेलं आहे.

पण माझ्या मनातून जाईना. न पाहिलेलं कधी न बोलणारी बाई आमच्यासाठी खोटं बोलली. कशाला? तिला आमच्याकडून काय पाहिजे होतं? मी वाट बघत होते, आज मागेल, उद्या मागेल. काही मागितलं नाही. शेवटी मीच एक पोलकं शिवून नेलं तर तिनं शिलाई उजेडात धरून बघितली आणि म्हणाली, "टाके दूरदूर घातलेस."

दोन वर्षं गेली. दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी, सूर्य बुडता बुडता एक ग्रहण लागलं. अन्साबाईचे गुडघे गेले होते, तरी काठी टेकत थैली घेऊन शेजारच्या घरी बसायला आली. मी अंगणात होते. माझ्या तोंडून निघून गेलं, "पाहा बरं अन्साबाई, आता झोपू नका."

ती आत गेली. पल्लवी पोरीला कडेवर घेऊन मागंच उभी होती.

"आई, तुम्ही त्यांना असं का बोलता?"

"काय बोलले मी? झोप लागतेच म्हाताऱ्या माणसाला."

"त्या झोपल्या नव्हत्या. आंबा त्यांनीच कापला."

मी ओट्यावर बसले.

मग पल्लवीनं सांगितलं. मी नळावर गेले आणि तिचे हातपाय थरथरायला लागले. डोळ्यांपुढं अंधारी. तिनं आंब्याकडे हात केला, तशी अन्साबाई म्हणाली, "हात उशीवर ठेव. दोन्ही. हलवू नको." पल्लवीला वाटलं, आता ही मरू देईल आपल्याला. म्हातारीनं थैलीत हात घातला, चाकू काढला आणि स्वतः आंबा कापला. एक एक फोड तिच्या तोंडात दिली. पल्लवी म्हणाली, "आजी, ग्रहण सुरू आहे ना." तर म्हणे, "मी कापतो, तू तोंड उघड. माह्या पोटात आता काय हाये?"

"आणि तुझे हात?"

"उशीवरच होते. शेवटपर्यंत. त्या बोटाला रस लागू देत नव्हत्या माझ्या." पल्लवीनं पोरीला खाली ठेवलं. "मी विचारलं, आजी, तुमचा यावर विश्वास नाही का? मग कशाला बसता? तर म्हणाल्या, माह्या वक्ती मी मागावर बसलीच नव्हती. खोलीत पडून होती. पण एकटी होती. पाहाले कोणी नव्हतं."

मी पंचवीस-सत्तावीस वर्षांपूर्वीच्या त्या गोधडीवर ठेवलेल्या माझ्या दोन हातांकडे बघत होते.

"मग तू मला आधी का नाही सांगितलंस?"

"तुम्ही विचारलंत कधी?" पल्लवी म्हणाली.

पुढच्या उन्हाळ्यात शंकर तिला तुमसरला न्यायला आला. गुडघ्यांनी जिना नाही, मोरी नाही, काही जमेना. ऑटो गल्लीच्या तोंडाशी उभा. दोन गाठोडी मागं बांधली, आणि थैली तिच्या मांडीवर. बायका जमल्या होत्या. मी म्हटलं, "ती तरी ठेवून जा. तिकडं कशाला?"

"तुमसरले काय बाया पोटुशा राहत नाईत?"

शंकर भाड्याचं बोलायला पुढं गेला. मी तिच्या कानाशी वाकले. एवढ्या दिवसांत बोलायचं राहून गेलेलं, ते तिच्या तोंडून एकदा ऐकायचं होतं, आणि मग माफी मागायची होती. म्हटलं, "अन्साबाई, त्या दिवशी आंबा तुमी कापला होता ना?"

तिनं माझ्याकडे एक डोळा बारीक करून बघितलं. मग माझ्यामागं उभ्या असलेल्या बायकांकडे, मग ऑटोवाल्याच्या आरशाकडे.

"कोणता आंबा?" ती म्हणाली.

ऑटो निघाला. आम्ही सगळ्यांनी हात हलवले. ती मागं वळून बघत होती, पण तिनं हात हलवला नाही. दोन्ही हात थैलीवर ठेवले होते, पालथे, बोटं पसरून, कुणालाही दुरून दिसतील असे.